राखी आडेचा उजवा हात

राखी आडे पंधरा दिवसांसाठी म्हणून पुण्याहून यवतमाळला आली होती. त्या पंधरा दिवसांना पुढचे पंधरा जोडत जोडत कपाशीचा दुसरा हंगाम आला, तरी ती शहरालगतच्या लोहाऱ्यातच होती. कोणी विचारलं की म्हणायची, "सध्या इथे आहे." त्या 'सध्या'वर तिचा भारी जोर. भाड्याच्या खोलीत तिने खुर्चीसुद्धा घेतली नव्हती. खुर्ची आली म्हणजे माणूस राहायला आला. चहा उभ्याने, पोळी उभ्याने, आणि देशात कुठे महिलांची गोल्फ स्पर्धा चालू असली तर मोबाइलवर तिचे गुण बघणं, तेही येरझारा घालत. वरच्या नंबरांवर ज्या दिसायच्या, त्यांतल्या निम्म्या जणींबरोबर ती खेळली होती. काहींना तिने हरवलंही होतं. मग ती मोबाइल पालथा ठेवायची, आणि जरा वेळाने पुन्हा सरळ करायची.

कामाला ती गुलाबसिंग पवारांच्या गोल्फ रेंजवर होती. गुलाबसिंग रस्त्यांचे ठेकेदार. पुण्यामुंबईच्या साहेबलोकांत ऊठबस करताना त्यांना या खेळाचा नाद लागला, आणि एमआयडीसीच्या मागे पडून असलेल्या आपल्या जमिनीवर त्यांनी गवत लावलं. चेंडू लांब मारायला मोकळा पट्टा, कडेला उंच जाळी, तीन छोटे होल, आणि चेंडू हलकेच भोकात घालण्याच्या सरावासाठी अगदी बारीक कापलेल्या गवताचा एक गोल तुकडा. त्याला ग्रीन म्हणायचं. जाळीपलीकडे लोकांची कपाशी. वेचणीच्या दिवसांत बायांच्या ओटीत कापसाबरोबर चेंडूही यायचे. सकाळी कधी रोही, म्हणजे नीलगाय, ग्रीनवरून चालत जायचा आणि खुरांचे खळगे पाडून ठेवायचा. "घ्या, आता आपल्याकडे मोठ्या मैदानासारखे अठरा होल झाले," असं म्हणून गुलाबसिंग मोठ्याने हसायचे. राखीचा मात्र त्यांना खरा अभिमान होता. आपल्या बंजारा तांड्याची पोरगी देशभर खेळून आली आणि आपल्या रेंजवर कोच आहे! पाहुणा आला की आधी तिची ओळख, मग चहा.

तांडा घाटंजीच्या बाजूला. राखीचे वडील देवीलाल तरुणपणीच तिथून पुण्याला गेले आणि एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायला लागले. राखी त्या मैदानाच्या कुंपणालगतच्या खोल्यांमध्येच जन्मली. कोणा साहेबाची मोडकी काठी देवीलालने अर्ध्यातून कापली, टोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं आणि पोरीच्या हातात दिली, ती रडायची थांबावी म्हणून. पोरगी रडायची थांबली ती थांबलीच. साहेब लोक जेवायला गेले की कोपऱ्यातल्या होलवर हिचा खेळ सुरू. पुढे मैदानावरच्या एका खेळाडू बाईने तिला पोरांच्या स्पर्धेत उतरवलं, आणि एकोणिसाव्या वर्षी राखी आडे व्यावसायिक गोल्फर झाली. तांड्यात तिची जीपमधून मिरवणूक निघाली. खेळ काय आहे हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण पेपरात फोटो होता.

बारा-तेरा वर्षं ती फिरली. बंगळुरू, कोलकाता, दिल्ली, दोनदा थायलंड. बॅग उघडायची, खेळायचं, बॅग बांधायची. पहिल्या नंबरला कधी आली नाही, पण वरच्या दहांत तिचं नाव असायचं. मग हैदराबादला ती शेवटच्या होलवर आली तेव्हा चेंडू भोकापासून फार तर दोन फुटांवर होता. तो गेला की स्पर्धा तिची. असा पट, म्हणजे पटर नावाच्या चपट्या काठीने हलकेच सरकवलेला चेंडू, तिने डोळे मिटूनही घातला असता. तिने काठी मागे नेली, आणि पुढे आणताना उजव्या हाताने आपल्या मनाने झटका दिला. कोणीतरी मागून कोपराला टपली मारावी तसा. चेंडू भोकाच्या कडेला लागून निसटला. तिने पुन्हा मारला. पुन्हा झटका.

गोल्फवाले या दुखण्याचं नाव सहसा घेत नाहीत. घेतलं तर लागतं असं मानतात. राखीला ते लागलं. दोनशे यार्डांचा फटका मारताना हात तिचा असायचा, भोकाजवळ आलं की तो दुसऱ्या कोणाचा व्हायचा. तिने पटर बदलले, डॉक्टर बदलले, श्वासाचे व्यायाम केले, पुण्याच्या एका बाबांकडून दोराही बांधून घेतला. शेवटी एका स्पर्धेत, खेळ अर्धाही झाला नव्हता तेव्हा, तिने ग्रीनवरून आपला चेंडू उचलला, बरोबरच्या दोघींशी हात मिळवला आणि सरळ गेटबाहेर चालत जाऊन रिक्षात बसली. मनगटाला पट्टा होताच. लोकांनी ठरवून टाकलं की मनगट गेलं. तिनेही कोणाला नाही म्हटलं नाही. देवीलाल तोवर नोकरी संपवून तांड्यात परतले होते. त्यांनी विचारलं, "दुखते का?" ती म्हणाली, "हो." तिथेच ते संपलं.

लोहाऱ्यात ती ड्रायव्हर, आयर्न अशा लांब फटक्यांच्या काठ्या शिकवायची, फटका मारून दाखवायची. तिचा फटका बघायला पलीकडच्या कपाशीतल्या बाया कंबरेवर हात ठेवून उभ्या राहत. पट शिकवताना मात्र ती दोन्ही हात खिशात घालायची आणि तोंडाने सांगायची. कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही. ध्यानात यायला शिकणारे होते तरी कोण? जिनिंगवाले दोन शेठ, एक दाताचे डॉक्टर, बढती होऊन आलेले साहेब. ते पोट कमी करायला यायचे.

आणि मग अर्पिता मनवर आली.

रविवारी आसपासच्या पोरांना फुकट खेळू द्यायचं असं गुलाबसिंगांनी ठरवलं होतं. एमआयडीसीतल्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन असलेला रवी मनवर आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. पोरगी उंच, सावळी, बोलायला कंजूस. राखीने तिच्या हातात काठी दिली, पकड दाखवली आणि पुढच्या पोराकडे वळली. मागे आवाज आला. बरोबर मधोमध बसलेल्या चेंडूचा आवाज वेगळाच असतो, सुकी फांदी मोडल्यासारखा. राखीने मान वळवली. "पुन्हा मार," ती म्हणाली. पुन्हा तोच आवाज.

त्या दिवसापासून राखीच्या जिवाला काहीतरी धरायला मिळालं, आणि ते तिने घट्ट आवळलं. रविवार पुरेना. शाळा सुटली की रोज, सुट्टीत दोन्ही वेळ. अर्पिताची आई मोनाली नेरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मास्तरीण. बसने ये-जा करून थकलेली असली तरी ती एकदा मुद्दाम रेंजवर आली. म्हणाली, "मॅडम, पोरीचं नववीचं वर्ष आहे. जरा सबुरीनं घ्या."

"ताई, ही मुलगी खूप पुढे जाईल," राखी म्हणाली.

"जाईन ना ती. पन तुम्ही तिच्यापेक्षा जास्त घाईत दिसता मले."

राखीला ते झोंबलं.

दीडेक वर्षात अर्पिता अशी तयार झाली की नागपूरच्या ज्युनिअर स्पर्धेत राखीने तिचं नाव घातलं. जानेवारीत स्पर्धा. डिसेंबर लागला, आणि एका संध्याकाळी ग्रीनवर, खिशात हात घालून उभ्या असलेल्या राखीच्या डोळ्यांसमोर, अर्पिताचा उजवा हात उडाला.

लहानसा झटका. दुसऱ्या कोणाला दिसलाही नसता. चेंडू भोकाच्या बाजूने निघून गेला.

"पुन्हा मार."

पुन्हा झटका. अर्पिताने गेलेल्या चेंडूकडे पाहिलंच नाही. आधी आपल्या हाताकडे पाहिलं, आणि मग राखीकडे. राखीने खिशातले हात बाहेर काढले आणि चेंडू उचलला.

"आज पुरे," ती म्हणाली. "थकली आहेस."

पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी जास्त. लांबचे फटके आधीसारखेच झणझणीत, आणि भोकाजवळ आली की पोरगी घामेजायची. राखीला भाकर गोड लागेना. आपण हिच्यासमोर एकदाही पट मारला नाही, बोलून दाखवलं नाही, मग हे गेलं कसं? हवेतून गेलं? तिला वाटायला लागलं की आपल्या अंगाला काही आहे, आणि आपण ज्याला हात लावू त्याला ते चिकटतं. रस्त्याने चालताना ती आपला उजवा हात अंगापासून दूर धरायला लागली.

आठवड्याने तिने मोनालीला मोबाइलवर लिहिलं, 'मला तातडीने बाहेर जावं लागतंय. अर्पिताला नागपूरच्या चांगल्या कोचकडे न्या.' गुलाबसिंगांना फोन केला, तो लागला नाही म्हणून तिला बरंच वाटलं. बॅग भरली. बस स्टँडवर पुण्याची गाडी दुपारनंतर होती. तोवर तिला तिथे बसवेना. घाटंजीची एसटी समोर उभी होती. आईबापाला सांगून तरी जाऊ, असं मनाशी म्हणत ती चढली.

तांड्यात आई लालीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. देवीलाल खाटेवर रेडिओ उघडून बसले होते. राखीने बॅग खाली ठेवली नाही.

"कत जारी छी, छोरी?" आईने विचारलं. निघालीस कुठे?

"पुण्याला, याडी. काम आहे."

लालीबाईने देवीलालकडे पाहिलं. देवीलालने रेडिओचा सेल काढला, पुसला, परत बसवला. मग वर न बघता म्हणाले, "मनगट कधीच दुखत नव्हतं ना तुझं?"

राखीने बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"हैदराबादचं मी पाह्यलं होतं. मोबाइलवर दाखोलं एकानं. माह्या पोरीचा हात मले ओळखू येत नाही का?"

"मग विचारलं का नाही, बापू?"

"तू दुखते म्हनली. मंग मी काय म्हनू, खोटं बोलून राह्यली?" देवीलालचा आवाज चढला. तो कधी चढत नसे. "मले वाटलं, सांगशीन. दोन वर्षं झाले. तू येतं, उभी राह्यतं, निघून जातं. तुह्या मायनं तुले जेवतानी बसलेली पाह्यलं नाही."

तेवढ्यात तांड्याच्या तोंडाशी मोटारसायकल वाजली. पुढे रवी, मध्ये अर्पिता, मागे साडीचा पदर खोचलेली मोनाली. तांड्याचा पत्ता गुलाबसिंगांनीच दिला असणार. गाडी पुरती थांबायच्या आत मोनाली उतरली.

"हे काय लिवलं मॅडम तुम्ही?" तिने मोबाइल पुढे धरला. वर्गात बोलतानाची तिची भाषा वेगळी होती, रागाने ती पार घरची झाली. "बाहेर जा लागते म्हने! माही पोरगी आठ दिवसापासून चमचा उजव्या हातानं धरत नाही. विचारलं तं म्हनते, हात माहा नाही. हे कोनतं शिकवनं आहे? आनि आता तुमी चालल्या?"

"मोनाली, जरा हळू," रवी म्हणाला.

"मी हळू बोलत राह्यली म्हनूनच हे झालं."

राखीने तेव्हा बॅग खाली ठेवली. आता पाय ओढून नेणार तरी कुठे! ती अर्पिताच्या समोर खाटेच्या कडेवर बसली.

"अर्पिता, हे दुखणं माझं आहे," ती म्हणाली. "मनगटाचं काही नव्हतं. मी दोन फुटांचा पट घालू शकत नाही. त्यापायीच मी खेळ सोडला. तुला ते कसं लागलं मला माहीत नाही, पण लागलं माझ्याकडूनच. म्हणून मी जाते आहे. मी समोर नसले की कदाचित—"

"मले माहीत आहे," अर्पिता म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी पाह्यलं तुम्हाले. दिवाळीनंतर बाबाची सकाळची पाळी होती, तवा मी त्याइच्या संगं लवकर आल्ती. तुम्ही ग्रीनवर एकल्याच होत्या. मी जाळीमागं उभी होती." पोरीने नख खरवडलं. "लय येळ मारून राह्यल्या होत्या. एकबी नाही गेला. मंग तुम्ही हातालेच मारलं."

राखी रोज तांबडं फुटताना ग्रीनवर जायची, हे तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. एखाद्या दिवशी हात परत येईल, आणि तो आला की आपण त्याच दिवशी निघू, अशी तिची आस होती.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही लपवून राह्यल्या होत्या ना. मले वाटलं, एवढ्या मोठ्या प्लेअरचं असं होते, तं माहं तं होईनच. मंग मी पट मारतानी तेच पाहत राह्यली, आता होते का, आता होते का. आनि झालं."

लालीबाईला बोलणं अर्धंच कळत होतं. ती उठून आत गेली आणि सगळ्यांसाठी पाणी घेऊन आली. मोनालीने तांब्या घेतला. तिचा राग उतरला नव्हता, पण पाणी पिताना माणसाला ओरडता येत नाही.

"औषध काय याच्यावर?" तिने शेवटी विचारलं.

"मला सापडलं नाही," राखी म्हणाली. "खोटं सांगत नाही. कोणाचं जातं, कोणाचं राहतं."

"मंग एक करा. औषध नसलं तं नसो. पन पोरीले अर्ध्यात टाकून जाऊ नका. जानं असंन तं नागपूरच्या मॅचनंतर जा. तिच्या तोंडावर सांगून जा."

पुण्याची गाडी त्या दिवशी राखीशिवाय गेली.

पुढच्या रविवारी रेंजवर पोरं होती, दोन्ही शेठ होते, डॉक्टर होते, आणि गुलाबसिंग वणीहून आलेल्या एका पाहुण्याला घेऊन हिंडत होते. राखीने आपल्या बॅगेतून पटर काढला आणि ग्रीनवर गेली. तिने अर्पिताला बोलावलं. "इथे उभी राहा. जाळीमागे नाही, समोर." आणि भोकापासून दोन फुटांवर चेंडू ठेवून मारला.

हात उडाला. चेंडू बाजूने गेला.

डॉक्टर हसले, गंमत चालली आहे असं समजून. तिने दुसरा मारला. तोही हुकला. तिसरा भोकाला शिवून बाहेर. आता कोणी हसत नव्हतं. गुलाबसिंग लगबगीने आले आणि तिला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "राखीबाई, काय करून राह्यल्या? पाहुने आहेत. आपल्या रेंजचं नाव जाईन ना."

"भाऊ, मला पट जमत नाही. खूप दिवसांपासून. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. दुसरा कोच बघायचा असेल तर बघा. पण नागपूर होईस्तोवर मी रोज इथे हेच करणार आहे."

गुलाबसिंगांचं तोंड उतरलं. एवढा मिरवलेला माणूस असा निघावा! ते पाहुण्याकडे परत गेले, आणि त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. एका सकाळी नागपूरचे एक कोच रेंज बघून गेले, हेही तिच्या कानावर आलं.

पण ती रोज ग्रीनवर जात राहिली. तिचा चेंडू, मग अर्पिताचा, मग तिचा. सुरुवातीला पोरगी बघायचीच नाही. मग एक दिवस राखीचा चेंडू इतका वेडावाकडा गेला की अर्पिताच्या बुटाला लागून परत आला, आणि ती फिसकन हसली. हसून घाबरली. राखीलाही हसू आलं, आधी थोडं, मग आवरेना. या हातावर कोणी हसू शकतं, हेच तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही चेंडूकडं पाहताच काहून?" अर्पिता म्हणाली. "मी भोकाकडं पाहून मारू का?"

"तसं कोणी मारत नाही सहसा."

"पन मारू का?"

एरवी राखीने नाहीच म्हटलं असतं. तिने पोरीला सगळं आपल्यासारखंच शिकवलं होतं, पायाच्या अंतरापासून टोपीच्या कोनापर्यंत. आता आपलं काय शाबूत आहे की तिने तसंच करावं? "मार," ती म्हणाली.

अर्पिताने मान वळवून भोकावर नजर लावली आणि मारला. झटका होता, पण अर्धा. दहांतले चार आत गेले. पुढच्या आठवड्यात सहा. राखीने तसं करून पाहिलं, तिला काही फरक पडला नाही. तिने दात आवळले, आणि तरी दुसऱ्या दिवशी परत गेली.

नागपूरला थंडी होती आणि मैदानावर धुकं. कोचने दोरीबाहेर राहायचं, खेळाडूशी बोलायचं नाही. राखी शेकडो वेळा दोरीच्या आत उभी राहिली होती, बाहेरून बघणं काय असतं हे तिला त्या सकाळी कळलं. अर्पिताचा पहिला फटका सुटला तेव्हा तिच्या बरोबरीच्या पोरी वळून बघायला लागल्या. रवी शेजाऱ्याला सांगू लागला, "माही पोरगी आहे." चौथ्या होलवर भोकाजवळचा सोपा पट हुकला. राखी तिथून निघाली ती थेट गाड्या लावतात तिथवर गेली. तिथे एका झाडाला फेरी मारली, स्वतःलाच शिवी घातली आणि धावत परत आली.

"कुठं गेलत्या?" मोनालीने विचारलं.

"बघवत नाही."

"मले समजत नाही म्हनून बरं आहे," मोनाली म्हणाली, आणि राखीचा दंड धरून ठेवला. मग शेवटपर्यंत सोडला नाही.

शेवटच्या होलवर अर्पिताचा चेंडू भोकापासून तीनेक फुटांवर थांबला. तो गेला तर उद्याच्या फेरीत खेळायला मिळणार होतं. फलकावर सगळ्यांना दिसत होतं, पोरीलाही. ती चेंडूपाशी उभी राहिली, मागे सरकली, तळहात पँटला पुसला. राखीने आपल्या उजव्या हाताची मूठ इतकी आवळली की नखं रुतली. अर्पिताने भोकाकडे पाहिलं आणि मारला. झटका नव्हता. राखीने नीट पाहिलं, अजिबात नव्हता. चेंडू सरळ गेला, भोकाच्या ओठावर आला, आणि उतारावरून अगदी सावकाश डावीकडे कलंडला.

बघणाऱ्यांनी 'अरेरे' केलं. अर्पिताने वीतभर अंतरावर राहिलेला चेंडू आत घातला, टोपी काढून बरोबरच्या दोघी पोरींशी हात मिळवला आणि दोरीकडे आली. एका फटक्याने ती बाहेर राहिली होती.

राखीने मनाशी बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती. ती पुढे झाली. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, भूक होती.

"मॅडम, पाह्यलं का? हात नाही उडाला. उतार चुकला माहा."

"पाहिलं," राखी म्हणाली.

"पुढची मॅच कुठं आहे? आनि काही खायले आनलं का?"

मोनालीने डबा उघडला. रवी, अर्पिता, मोनाली तिथेच गवतावर बसून पोळी-भाजी खायला लागले. राखी थोडा वेळ उभी होती. मग मोनालीने जागा करून दिली तशी बसली. उतार कुठे चुकला यावर तिने आणि अर्पिताने एवढा वाद घातला की मोनालीने दोघींना आधी गिळा म्हणून दटावलं.

परतल्यावर राखीने गुलाबसिंगांना खरं ते सांगितलं, पोरगी एका फटक्याने राहिली. ते बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले. "तो नागपूरचा कोच," ते शेवटी म्हणाले, "हप्त्यातून दोनच दिवस येतो म्हनते. आनि दुसरा कोच पाहतो म्हनून तांड्यात तुमच्या बापूनं मले काय काय सुनावलं! राहा तुम्ही. पन पाहुन्यांसमोर थे पट…"

"पाहुण्यांसमोर मारीन, भाऊ. लपून मारणार नाही आता."

"मारा बाप्पा," गुलाबसिंग सुस्कारा टाकून म्हणाले.

ती राहिली. शांत झाली म्हणावं तर तसं नाही. दिल्लीची स्पर्धा सुरू झाली की अजून तिचा पाय एका जागी ठरत नाही, आणि अमक्या ठिकाणी नाव घालून पाहावं का, हा विचार तिच्या डोक्यातून गेलेला नाही. हात कधी उडतो, कधी उडत नाही. कधी उडणार याचा तिला अंदाज येत नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ऊन चटकायला लागलं असताना मोनाली एकटीच रेंजवर आली. पायात नवे कॅनव्हासचे बूट, साडीऐवजी सलवार कमीज.

"मले शिकवा," ती म्हणाली. "घरी पोरगी आनि तिचा बाप जे बोलतात, थ्यातलं अक्षर मले समजत नाही. पयले थे शेवटचं शिकवा, भोकात ढकलायचं. त्यानंच सारा घोळ केला होता."

राखीने तिच्या हातात पटर दिला आणि स्वतः दुसरा घेतला. "असं उभं राहायचं. खांदे हलवायचे, हात नाही. बघा." आणि तिने मारला. हात जोरात उडाला. चेंडू भोकाला ओलांडून पार ग्रीनच्या बाहेर गेला.

मोनालीने तो जाताना पाहिला. मग गंभीरपणे विचारलं, "असं मारायचं?"

"नाही हो ताई," राखी म्हणाली, आणि चेंडू आणायला गेली.